ळ कुणाला म्हणता येणार

गुरुवार, रात्र. साडेअकरा वाजून गेलेत.

बाळी झोपली. चिऊही झोपली. मी जागी, आणि कारण इतकं बारीक की लिहायचीसुद्धा लाज वाटते. दुपारी कढईत शेपा-ओवा भाजत होते, तेव्हा चिऊ म्हणाली, "पण ळ कुणाला म्हणता येणार इथे, आई?" आणि तिने पेनाला टोपण लावलं. एवढंच. बाकी काही झालं नाही.

बाळीचं नाव काय ठेवायचं, तर दहा दिवस मी "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणत होते. शहाणपणा म्हणून नव्हे, कुणीतरी तीनदा विचारावं म्हणून. (खोड जुनीच.) आज तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि तोंडातून निघून गेलं: बकुळ. तिला आवडलं नाही असंही नाही. "गोड आहे गं," म्हणाली. आणि मग ते ळचं.

फ्रिजवर चुंबकाखाली यादी लटकते आहे. जावई नाव लिहितो, त्याच्याखाली चिऊ माझ्यासाठी मराठीत उच्चार लिहिते, कारण ही आयरिश भाषा लिहिते एक आणि बोलते भलतंच. एस-ए-डी-एच-बी-एच, सहा अक्षरं खर्चून उच्चार काय, तर साईव्ह. नीव्हमधला व्ह लिहायचा एम-एच, साईव्हमधला बी-एच. परवा जावई रोशीन लिहून दाखवताना "फाडा, फाडा" म्हणायला लागला, तर मी यादी खाली काढून फाडायलाच निघाले होते. फाडा म्हणजे आयरिशमध्ये लांब. आपली दीर्घ वेलांटी तशी त्यांची अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ. रोशीनला अशा दोन. अर्थ, छोटा गुलाब.

नावं बहुतेक रानातली, पाण्यातली. ब्लॉनिदमध्ये फूल आहे, क्लोडा नावाची नदी आहे. शॅनन तर इथे लिमरिकमध्ये पुलावरून रोज दिसते, गढूळ आणि घाईत. तिची गोष्ट जावयाने सांगितली. त्या नावाची मुलगी ज्ञानाच्या विहिरीपाशी गेली, विहीर उसळली आणि तिला घेऊन गेली. तीच ही नदी. जाणून घ्यायला गेली म्हणून बुडाली. मी म्हटलं, हे नको. तोही नको म्हणाला, त्याच्या मते हे नाव अमेरिकेतले लोक ठेवतात.

आणि बी-एचचा व्ह करणाऱ्या या माणसांना ळ येणार नाही?

वराडकर येतं की. २०१७ साली लिओ वराडकर इथे आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हापासून सगळा देश वराडकर म्हणायला शिकला. मालवण तालुक्यातलं त्यांचं वराड आमच्या माहेरापासून लांब नाही. २०१९ च्या डिसेंबरात ते स्वतः तिथे येऊन गेले. पण त्या आडनावात ळ नाही, हे त्यांचं नशीब.

लिहिता लिहिता लक्षात येतंय की मला ळचा राग नाहीये.

लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं. मी समोर बसलेली, त्यामुळे मला ते उलटं दिसत होतं. पहिलं अक्षर कळलं नाही, दुसरं झालं तेव्हा कळलं की हे माझं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ताट कुणीतरी उचलून आत नेलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवलेही असतील. सासूबाई पुढे कधीतरी म्हणाल्या, झाडाचं नाव मुलीला लाभत नाही. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मनुस्मृतीत आहे तसं, नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी करू नये. मग घरोघरी रोहिणी, रेवती, गोदावरी कशा नांदल्या कोण जाणे.

पासपोर्टवर ताटातलं नाव. रेशनकार्डावर तेच. आई होती तोवर त्या दुसऱ्या नावाची हाक ऐकू यायची, तीही माजघरातून, लांबलचक, ळवर रेंगाळणारी. आता तो ळ म्हणणारं कुणी उरलं नाही. असो.

दारातल्या बकुळीच्या झाडाला गावात ओवळ म्हणत. पहाटे खाली नाण्याएवढाल्या चांदण्यांचा सडा. फुलाला मधोमध भोक असतंच, सुई लागत नाही. केळीचा धागा घेतला की परकराच्या ओच्यातली फुलं पाच मिनिटांत ओवून व्हायची. सुकली तरी वास जात नाही. माझ्या गणिताच्या वहीत एक वळेसर, म्हणजे या फुलांचा सर, होता, दहावीपर्यंत वहीला वास होता. गणिताला नव्हता उपयोग.

हे सगळं मी चिऊला कधी सांगितलं? कधीच नाही. तिने माझा शाळेचा दाखला कशाला बघितला असेल? मी मनातल्या मनात नाव देऊ केलं, तिने ते व्याकरणाच्या कारणाने परत केलं, आणि मी दुपारभर तोंड पाडून ओवा जाळला. खरंच जाळला. चिऊने तो करपट ओवा मुकाट्याने खाल्ला आणि वर "आज छान खरपूस आहे" म्हणाली. अशी आहे ती. तिला आणखी काय बोल लावायचा?

संध्याकाळी नाव ठरलं. फीआ. एफ-आय-ए-डी-एच, शेवटची दोन अक्षरं नुसती बसून असतात, लग्नात आलेल्या लांबच्या काकांसारखी. अर्थ रानातलं, मोकाट, आणि हरीण. मी म्हटलं, म्हणजे वेगळं आहे तर. जावई जरा ओशाळला. २०२१ साली मुलींच्या नावांत इथे हेच पहिल्या नंबरावर होतं म्हणे. म्हणजे शाळेत हाक मारली की चार हरणं वळून बघणार.

"पण आई, तूच म्हणालीस ना मृग नक्षत्र?" चिऊ म्हणाली.

मी म्हटलं होतं. पंचांग बघून, मृगाचा चौथा चरण, अक्षर की. यादीत कीव्हा होतं, मला वाटलं ते घेतील. मी अक्षर दिलं होतं, हिने नक्षत्रच उचललं. मृग म्हणजे हरीण हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं, इतक्या वर्षांची पंचांगं चाळून. थोडी चिडले, कारण नाव चांगलं आहे आणि आता त्याला नावं ठेवता येणार नाहीत. आणि मनूच्या त्या श्लोकात झाड आहे, नदी आहे, साप आहे, पक्षीसुद्धा आहे. हरीण नाही. बाळी सुटली. चिऊच काय ती अडकली.

परवा बारसं. आत्याबाई गॉलवेहून येतायत. कानात "कुर्र्र" करायचं आणि मागून बायका पाठीत धपाटे घालणार, हे चिऊने त्यांना फोनवर समजावलं, तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

रात्री भांडी घासताना जावई शेजारी फडकं घेऊन उभा होता. म्हणाला, ते दुपारचं अक्षर परत म्हणून दाखवा. मी दाखवलं, जीभ अशी मागे, टाळूला लावून सोडायची. त्याने पहिल्यांदा बकुर म्हटलं. मग बकुड. मग जीभ तोंडाबाहेर काढून, डोळे बारीक करून, एक असा आवाज काढला की जो ना ल होता ना ड होता, पण ळच्या गावातला होता. मी हसले तसा त्याला चेव आला. हातात ओला पेला धरून तो म्हणतच राहिला, बकुळ, बकुर, बकुळ. इतक्या जोरात की आतून चिऊचा झोपाळू आवाज आला, "कोण बकुळ?"

मी नळ बंद केला.

"झाड आहे," म्हटलं. "आमच्या दारात होतं."

"हं," म्हणाली, आणि झोपली.

उद्या रात्री घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालायचेत. इथे गावठी मिळत नाहीत, काबुलीच घ्यावे लागतील.