पाच मिनिटं एक सेकंद

इचलकरंजीत आम्ही दोघा भावांनी २०११ साली गाळा घेतला, तो कॉम्प्युटर आणि प्रिंटर विकायला. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम, आमच्या धंद्यात आली ती नाइलाजानं. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले आणि सूतवाल्यांच्या पेढ्यांवरची जुनी यंत्रं एकदम पोरकी झाली. त्यांना नवीन विंडोज झेपत नव्हतं, मालकांना नवीन यंत्राचा खर्च परवडत नव्हता. मग आम्ही उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून द्यायला लागलो. "व्हायरस नाही, लायसनचा खर्च नाही" एवढं सांगितलं की काम मिळायचं. थोडं शिकलो होतो, बाकीचं गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकलो.

२०१७ च्या उन्हाळ्यात एका पेढीच्या दिवाणजींचा फोन आला. "अहो, तुमचं यंत्र चालू व्हायच्या आत माझा चहा होतोय, वर पान बी होतंय." आम्ही काय केलं? हार्ड डिस्क जुनी झाली असं सांगून एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, विकली. डेस्कटॉप आल्यावर फाइली पटापट उघडायला लागल्या, पण सुरू व्हायला वेळ तेवढाच. त्यात उन्हाळ्यात वीज दिवसातून तीन-तीनदा जायची, म्हणजे तेवढ्या वेळा ही पाच मिनिटांची खोटी. बिलाचे पैसे दिलेला माणूस, दोन वेळा काहीच बोलला नाही. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा लाज वाटून मी स्वतः गेलो.

उबंटूच्या ठिपक्यांकडे बघत बसण्याऐवजी एस्केप दाबलं. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत होत्या आणि शेजारी लिहिलेलं: 'रेज नेटवर्क इंटरफेसेस', म्हणजे नेटवर्कची कार्डं उठवतोय, पुढे घड्याळ, ५ मिनिटं १ सेकंदापर्यंत मोजणारं. डिस्कचा काही संबंधच नव्हता. मशीन नेटवर्कची वाट बघत होतं. पण नेट तर वायफायवर नीट चालू होतं!

सुरू होताना कुठल्या सर्व्हिसनं, म्हणजे मागे चालणाऱ्या कामानं, किती वेळ खाल्ला ते सांगणारं 'सिस्टीमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' चालवलं, तर यादीत सगळ्यात वर 'नेटवर्किंग सर्व्हिस'. मग नेटवर्क कार्डांची मांडणी लिहिलेली इंटरफेसेसची फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. वायरच्या कार्डापुढे 'ऑटो' आणि 'डीएचसीपी' लिहिलेल्या दोन ओळी, माझ्याच हातच्या. बसवलं तेव्हा वायर होती. पुढे पेढीची रंगरंगोटी झाली, वायर निघाली, वायफाय आलं. ओळी तशाच राहिल्या. 'ऑटो' म्हणजे सुरू होतानाच हे कार्ड उठवा, 'डीएचसीपी' म्हणजे त्याचा पत्ता नेटवर्ककडून मागून घ्या. कार्ड उठायचं, रिकाम्या सॉकेटमधून आयपी पत्ता मागायचं, आणि उत्तर येईना म्हणून मुदत संपेपर्यंत थांबायचं. 'ऑटो' खोडून 'अलाउ-हॉटप्लग' लिहिलं, म्हणजे सुरू होताना त्या कार्डासाठी अडून राहू नका. पुढच्या वेळी दिवाणजींचा चहा यायच्या आत डेस्कटॉप हजर. एसएसडी परत घेतो म्हटलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बरी हाय."

त्यानंतर आम्ही हुशार झालो, आणि तिथंच घात झाला.

उबंटू १८.०४ बरोबर आमच्याकडच्या सर्व्हरवर नेटप्लॅन आलं, म्हणजे नेटवर्कची मांडणी लिहायची नवी पद्धत. दोन लॅन पोर्टांपैकी एक रिकामं असलं की 'वेट-ऑनलाइन' नावाची सर्व्हिस २ मिनिटं अडवून धरते. त्याला साधा उपाय आहे, रिकाम्या पोर्टाला 'ऑप्शनल: ट्रू' लिहायचं. आम्ही मात्र सगळीकडे ती सर्व्हिसच बंद करून टाकायला लागलो, डेस्कटॉपवरसुद्धा. एका गिऱ्हाइकाकडे चलनांचं फोल्डर सांबावरून, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वाटून घ्यायच्या सोयीनं, दुसऱ्या यंत्रावरचं जोडलेलं होतं, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत. वाट बघणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे नेटवर्क यायच्या आधीच जोडणी करून बघितली गेली आणि फसली. स्क्रीनवर काही नाही, मशीन झकास चालू. तिथल्या पोरानं फोल्डर रिकामं दिसलं म्हणून नवी शीट काढली आणि चार दिवसांची चलनं स्वतःच्या डिस्कवर भरली. त्या रविवारी मी आणि भाऊ दोन्ही शीट शेजारी ठेवून चलन नंबर जुळवत बसलो, फुकट. तेव्हापासून असं फोल्डर असलं की ऑटोमाउंट लावतो. फोल्डर उघडलं की मग जोडणी होते, सुरू होताना कोणाला अडवत नाही.

ब्लेमच्या यादीवरही आता तेवढा विश्वास नाही. जास्त वेळ घेणारी सर्व्हिस बाकीच्यांना अडवतेच असं नसतं, त्यासाठी कोण कोणासाठी थांबलंय ती साखळी दाखवणारी 'क्रिटिकल-चेन' बघावी लागते. एका कारखान्यात तर पीसी निर्दोष होते. सगळ्या वायरी जोडणारा स्विचच स्पॅनिंग ट्रीपायी, म्हणजे वायरींचं वेटोळं होऊ न देणाऱ्या सोयीपायी, प्रत्येक पोर्ट ३० सेकंद रोखून धरत होता. ते थांबणं टाळणारं पोर्टफास्ट चालू केलं, झालं.

विक्री आता कमी, देखभालच जास्त. यंत्र गिऱ्हाइकाकडे द्यायच्या आधी भाऊ वायर काढतो, राउटर बंद करतो आणि मोबाइलवर वेळ लावून मशीन चालू करतो. ४० सेकंदांच्या वर गेलं तर ते गाळ्यातच राहतं.