दासिबाला उत्तर ‘ना’

घरच्या ग्रुपवर रोज एकच प्रश्न, काम सुरू झालं का, काम सुरू झालं का, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहिते. घानात येऊन तीन आठवडे झाले. पहिला ट्रेनिंगमध्ये गेला आणि पुढचे दोन नमस्कार करण्यात. मस्करी नाही.

उत्तर घानातल्या तामाले शहराच्या पुढे, सावेलुगुच्या बाजूचं छोटं गाव आहे. अक्रापासून सहाशेच्या वर किलोमीटर, बसमध्ये पार पाठ मोडली. वर्षभर पाणी आणि स्वच्छतेचं काम, व्हॉलंटियर म्हणून. सध्या हरमॅटन चालू आहे, म्हणजे सहाराकडून येणारं कोरडं वारं, कपडे अर्ध्या तासात वाळतात आणि तेवढ्याच वेळात धुळीने परत मळतात.

भाषा दाग्बानी. सकाळी कुणी ‘दासिबा’ म्हटलं की आपण ‘ना’ म्हणायचं, आणि आपल्या डोक्यात ना म्हणजे नाही, त्यामुळे मी नुसती दासिबा दासिबा करत राहिले, समोरची बाई हसून हसून बेजार. मग झोप झाली का, घरचे कसे, कामाचं कसं, आणि नवरा नाही म्हटलं की अजून दहा मिनिटं. मोठ्या माणसाला तर खाली उकिडवं बसून नमस्कार करायचा. शंभर पावलं चालायला अर्धा तास जातो (आईला हे गाव फार आवडेल).

चीफला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, भेटल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही हे ट्रेनिंगमध्येच सांगितलेलं. दोनदा गेलो, ते नव्हते. तिसऱ्यांदा भेट म्हणून कोलाच्या बिया (कोला नावाच्या झाडाच्या) घेऊन, चपला बाहेर काढून आत गेलो. इकडचे चीफ खुर्चीवर नाही, जनावरांच्या कातड्यांवर बसतात आणि आपण थेट त्यांच्याशी बोलायचं नाही, मधला माणूस आपलं बोलणं पोचवतो. मी माझं पाण्याचं भाषण पाठ करून गेलेले. ते चालू असताना कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी पाय पुढे करून घोट्याजवळचा व्रण दाखवला. दुभाषा म्हणाला, गिनी वर्म.

नारू! आमच्या आजीच्या पायावर अगदी असाच व्रण होता, बारवेचं पाणी प्यायल्याचा. हा जंत साचलेल्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून बाहेर येतो, मग काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर संपलं. मी बोटाभोवती दोरा गुंडाळल्यासारखं करून दाखवलं तर बाबा एकदम उठून बसले, तुमच्याकडे पण होता?? होता बाबा. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला आणि घाना २०१५ साली, याच सावेलुगु भागात २००६-०७ मध्ये मोठी साथ होती. इथल्या बायकांनी वर्षानुवर्षं फडक्यातून पाणी गाळून पाजलंय. आणि माझ्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड, पाणी गाळून का प्यावं! त्याच रात्री डिलीट केली.

चीफचं म्हणणं एकच होतं, हापसा चार महिने बंद आहे, तो बघा. दुसऱ्या दिवशी बघितला तर चक्क इंडिया मार्क टू. जालनेकर आणि सोलापूरकर, कान द्या, हा पंप मुळात आपल्याकडच्याच जालना आणि सोलापूर पंपांवरून तयार झालाय. जालन्यात वाढलेली मी, लहानपणी याच दांड्याला लोंबकळलेय.

वायसर झिजलेत, दुसरं काही नाही. मेकॅनिक तामालेहून गुरुवारी येणार आहे, म्हणजे शुक्रवार धरून चालू. तोपर्यंत बायका लांबच्या तळ्यावरून पिवळ्या कॅनमधून पाणी आणतायत. त्या कॅनचं नाव इथे ‘कुफुओर गॅलन’, ज्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात पाणीटंचाई होती त्यांच्यावरून पडलेलं. काल मीपण एक डोक्यावर घ्यायला गेले, निम्मं पाणी माझ्याच अंगावर.