लांबच्या नळापर्यंत गरम पाणी

पुण्यातील 240 मुलींच्या एका वसतिगृहाची गरम पाण्याची व्यवस्था नव्याने आखण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा व्यवस्थापनाची मागणी एवढीच होती की टाकी मोठी करावी, कारण पलीकडच्या विंगमध्ये गरम पाणी येत नाही. टाकीपासून तिथल्या शेवटच्या न्हाणीघरापर्यंत 40 मिलिमीटर आतील व्यासाची 70 मीटर लाइन होती आणि तिच्यात सुमारे 88 लिटर पाणी रात्रभर गार होत पडून राहत असे. साहजिकच पहाटे पहिली उठणारी मुलगी चार बादल्या ओतून दिल्यावर पाचवी कुठे कोमट भरायची. टाकी दुप्पट केली असती तरी हे टळले नसते.

साठ्याचा हिशोब सरळ होता. माणशी 40 अंशांचे 40 लिटर पाणी धरले, तर थंडीतल्या 20 अंशांच्या पाण्यात मिसळायला 60 अंशांचे 20 लिटर, म्हणजे एकूण 4800 लिटर लागते. ते सकाळच्या दोन तासांत तापवायला 112 किलोवॉट उष्णता हवी. रात्रीच्या आठ तासांत तापवल्यास 28 किलोवॉटचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारे यंत्र, पुरतो. साठा 60 अंशांखाली ठेवण्यास मात्र मी नकार दिला, कारण कोमट पाण्यात फुप्फुसांचा आजार देणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात.

खरा कस लागला तो परतीच्या लाइनवर, म्हणजे पाइपातले पाणी पडून गार होऊ नये म्हणून ते पंपाने टाकीकडे परत फिरवणाऱ्या लाइनवर. ठेकेदाराने अंघोळीच्या मागणीएवढा मोठा पंप सुचवला होता. पण या पंपाने फक्त पाइपातून निसटणारी उष्णता भरून काढायची असते. आवरण घातलेल्या पाइपातून मीटरमागे साधारण 10 वॉट जातात, त्यामुळे एकूण 250 मीटरवर अडीच किलोवॉट. 5 अंशांची घट चालवून घेतली तर मिनिटाला सात-सव्वासात लिटर फिरवणे पुरते. सीपीव्हीसीची (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिक पाइपाची) 70 मीटर लाइन 40 अंशांनी तापली की 17-18 सेंटिमीटर वाढते, म्हणून मध्ये वळसेही ठेवले.

तरीही पाणी जवळच्या रायझरमधूनच, म्हणजे मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाइपातूनच, परतू लागले, कारण त्याला ती वाट सोपी. प्रत्येक परतीवर प्रवाह कमी-जास्त करणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह होता. जवळचा पाव फेरा आवळायचा, पाइपाला बांधलेला तापमापक स्थिरावेपर्यंत थांबायचे, मग पुढचा, असे करत 58 आणि 47 अंशांमधले अंतर मिटवून सगळे रायझर 55 च्या आसपास आणले. मग व्हॉल्व्हवर रंगाने खुणा केल्या आणि हँडल काढून ठेवली. नाहीतर पुढचा प्लंबर सगळे पूर्ण उघडून मोकळा होईल.