जाम झालेला बॉल जॉइंट आणि नागपूरहून व्हिडिओ कॉल

मे महिन्यातला शनिवार, इथे मिशिगनला सकाळचे ९ वाजलेले, तिकडे नागपुरात संध्याकाळचे साडेसहा, आणि फोनमधून आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरातल्या कूलरचा घरघराट इतका येत होता की बाबांचं निम्मं बोलणं कळतच नव्हतं. मी ड्राइव्हवेत पुठ्ठा टाकून मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) पुढच्या उजव्या चाकाच्या जागी आडवी, चाक काढून बाजूला ठेवलेलं, फोन रंगाच्या डब्याला टेकवलेला. बाबा म्हणाले, "थांब, कूलर बंद करतो. मले हातोड्याचा आवाज ऐकू दे."

बाहेर ४४-४५ तापमान आणि माणूस कूलर बंद करतो. कशासाठी, ते सांगते.

आमची गाडी म्हणजे १९७६ ची जीएमसी मोटरहोम, २६ फुटी. बऱ्याच जणांनी विचारलं होतं म्हणून थोडं गाडीबद्दल. ही १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं बनली, ती पण इथून पाऊण तासावरच्या पॉन्टिअ‍ॅक गावात, एकूण जवळपास १३ हजार. इंजिन ४५५ क्युबिक इंचाचं, म्हणजे साडेसात लिटरचं, आणि एवढी मोठी गाडी चक्क फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढचं सगळं मशीन ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या कारवरून घेतलेलं. मागची चाकं फिरवायला मागे जाणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच नाही त्यामुळे फ्लोअर खूप खाली, आई आली तर गुडघे न दुखता चढू शकेल, आणि खरं सांगायचं तर मी गाडी घेतली त्यात हे कारण मोठं होतं. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये हवेचा फुगा, स्प्रिंगच्या जागी. पुढे मात्र टॉर्शन बार, म्हणजे लांब सळई, एक टोक फ्रेमकडे पक्कं आणि दुसरं चाकाच्या लोअर आर्ममध्ये (चाक धरून ठेवणारा खालचा हात), चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि तोच स्प्रिंग. आपल्याकडे ट्रकला पाटे असतात, इथे पिळणारी सळई, एवढाच फरक.

तर हा उजवा लोअर आर्म काढायचा होता. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) ढिला, बुश (आर्मच्या बोल्टभोवतीचे रबरी तुकडे) फाटलेले, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. दोन गॅरेजना विचारलं, दोघांनीही एवढी जुनी गाडी घेत नाही म्हणून सांगितलं. मग म्हटलं आपणच करू.

पण बोल्टच निघेना. इथल्या गाड्यांचं हे एक दुखणं आहे जे नागपुरात राहून मला कधी कळलंच नसतं. नागपुरात गाडी झिजते. धूळ, खड्डे, ऊन, रबर तडकतं, बुश खातं, पण नट फिरवला तर तो बहुतेक वेळा फिरतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मिठाला कमी नाही, डेट्रॉइट शहराच्या खालीच साधारण १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे. ते मिठाचं पाणी फटीत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन भागांमधली बारीक फट तो आतून ठासून भरतो आणि दोन वस्तूंची एक वस्तू होऊन जाते. मी नोकरीत दिवसभर स्क्रीनवर सस्पेन्शनचेच भाग फिरवते, डिझाइनचं काम आहे माझं, पण स्क्रीनवर काही गंजत नाही, प्रत्येक बोल्ट एका क्लिकवर बाहेर येतो.

बाबा एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते, रिटायर होईपर्यंत तिथेच. लहानपणी संध्याकाळी त्यांच्या हाताला ग्रीस आणि रॉकेलचा मिळून जो वास यायचा तो मला आजही वेगळा ओळखता येईल. त्यांनी मला कधी पाना धरायला शिकवलं नाही, तू अभ्यास कर म्हणायचे, आणि मीही कधी विचारलं नाही. ते शिकवणं आता सुरू झालं, मी ३९ वर्षांची असताना, फोनवरून.

पहिला प्रश्न त्यांचा, "गाडी कशावर उभी आहे?" जॅकवर नाही, चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), फ्रेमखाली, शिवाय लाकडी ठोकळे. मागच्या फुग्यांचं ऐकून ते तर उठूनच बसले. "हवेवर भरोसा नोको ठेवू बेटा, हवा गेली का गाडी खाली." बरोबरच आहे, साधारण ५ टनांची गाडी आहे, फुग्याची हवा गेली तर मागचा भाग खाली बसतो आणि आपण खाली असलो तर संपलं.

दुसरा प्रश्न, "सळईचा पीळ सोडला का?" हे फार महत्त्वाचं. पीळ भरलेला असताना बॉल जॉइंट सोडला तर आर्म तोफेसारखा खाली येतो. त्यासाठी वेगळं पुलर मिळतं, ते क्रॉसमेंबरला (फ्रेमच्या आडव्या पट्टीला) अडकवून आधी अ‍ॅडजस्टिंग आर्मवरचा (म्हणजे सळईचं फ्रेमकडचं टोक धरणाऱ्या भागावरचा) जोर काढायचा, मग बोल्ट सोडायचा. आणि सोडण्याआधी बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवायचं, नाहीतर परत बसवताना गाडीची उंची जुळता जुळत नाही. मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलं. डाव्या आणि उजव्या सळया वेगळ्या असतात, अदलाबदल चालत नाही, म्हणून सळईवर पण खूण केली, पण रंगाची. ओरखडा नाही, कारण पिळणाऱ्या स्टीलवर ओरखडा पडला की तडा तिथूनच सुरू होतो.

मग बॉल जॉइंट. त्याचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) भोकात घट्ट रुतून बसतो. मी आठवडाभर रोज तेल सोडलं होतं आणि आता दांड्याच्या टोकावर हातोडा घालून राहिले होते. बाबांनी दोनच ठोके ऐकले.

"काहून तिथं मारून राहिली? आटे खराब होतील."

"मग कुठे मारू?"

"नट पूर्ण काढू नोको, दोन-तीन आटे राहू दे, नाहीतर सगळं अंगावर येईन. आता जे भोक आहे ना, त्याच्या बाहेरच्या कड्यावर मार, बाजूनं. दुसऱ्या बाजूनं मोठा घण लावून धर, नुसता टेकव."

डाव्या हातात घण टेकवून धरला, उजव्या हाताने मारलं. टण्ण. टण्ण. बाबा काहीच बोलत नव्हते, कॅमेऱ्यात नुसता त्यांचा कान दिसत होता. आई मागून विचारत होती की चहा ठेवू का, तर त्यांनी हातानेच थांबवलं. बारा-पंधरा ठोके झाले असतील, माझं मनगट भरून आलं, आणि मला काही फरक वाटला नाही पण बाबा एकदम म्हणाले, "सुटलं!"

मी म्हटलं नाही हो बाबा, तसंच आहे. "अगं आवाज बदलला. पाह्य हलवून." खरंच, शेवटचा ठोका टण्ण नव्हता, थड असा होता, मातीच्या मडक्यासारखा. आर्म धरून खाली ओढला आणि दांडा भोकातून अर्धा इंच सरकला, नटावर लटकून राहिला. पावणेतेरा हजार किलोमीटरवरून, त्या फोनच्या स्पीकरवर त्यांना ते ऐकू आलं. मी पुठ्ठ्यावर तशीच पडून रडले थोडी, त्यांना दिसलं नसावं.

आर्मचे बोल्ट मात्र निघालेच नाहीत. बुशच्या आतल्या लोखंडी नळीत बोल्ट गंजून एकजीव झालेला, पाना लावून फिरवलं तर नळीसकट फिरायचा आणि रबर नुसतं पिळायचं. पान्याला पाइप लावला, गॅस मारला, रबराचा काळा धूर निघाला (मास्क लावा, फार घाण असतो), तरी नाही. बाबा म्हणाले बुश नवीन आणलेच आहे तर काप, त्यात कमीपणा नाही. इलेक्ट्रिक करवतीने बुश आणि ब्रॅकेटच्या मधून दोन्ही बोल्ट कापले, पाच पाती गेली.

राहिली सळई, तिचं षटकोनी टोक आर्मच्या सॉकेटमध्ये अडकलेलं. गॅसचा टॉर्च हातात होताच, मी म्हटलं गॅस मारू का, तर पलीकडून जवळजवळ ओरडलेच, "स्प्रिंगले आग नोको दाखवू! पाणी उतरते तिचं." म्हणजे स्टीलला दिलेला टेंपर जातो आणि मग ती स्प्रिंग राहत नाही. मग उपाय एकच, तेल सोडायचं, सळई सोडून फक्त आर्मवर तांब्याच्या हातोड्याने चारही बाजूंनी हलकं ठोकायचं, थांबायचं, परत तेल. शनिवार गेला, रविवार गेला. बुधवारी ऑफिसमधून आल्यावर सहज आर्म हलवला तर तो बोटभर पुढे सरकला, आणि फटीतून तांबडं तेल ठिबकलं. नागपुरात तेव्हा पहाटेचे साडेचार होते. तरी फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"निघाला?"

"हाव."

नवीन आर्म बसला आहे, बोल्टांना या वेळी गंज न धरणारं ग्रीस लावलंय. डावी बाजू बाकी आहे. तिच्यात सोमवारपासून रोज संध्याकाळी तेल सोडतेय, आणि बाबांनी सांगितलंय की शनिवारी साडेसहाला कूलर बंद राहील.