तुम्ही विचारलंत म्हणून : कवितेत शिरायचं कुठून?

‘कविता आवडते, पण रसग्रहण लिहायला बसलं की दोन ओळींपुढे पेन सरकत नाही. सुरुवात कुठून करायची?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. व्याकरणापासून करा. अर्थाला थोडं थांबू द्या.

आधी कविता दोनदा मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वेळी जीभ कुठे अडखळते तेवढं लक्षात ठेवा. मग सरळ अन्वय लावून, म्हणजे शब्द गद्यातल्या क्रमाने मांडून, तीन-चार वाक्यं लिहा : कोण बोलतंय, कुणाशी, काय घडतंय. बोलणारा ‘मी’ म्हणजे कवीच, असं धरून चालू नका. ही पायरी बाळबोध वाटते म्हणून बरेच जण गाळतात आणि मग पुढचं सगळं हवेत राहतं. हा कच्चा मजकूर शेवटच्या लिखाणात मात्र घ्यायचा नाही. तो सारांश झाला.

आता पेन्सिल. क्रियापदं, सर्वनामं आणि ‘च’, ‘तरी’, ‘अजून’, ‘नुसतं’ असले चिल्लर वाटणारे शब्द अधोरेखित करा. नमुन्यासाठी रचलेल्या या चार ओळी पाहा :

दार नुसतं लोटलेलं
वात अजून कोमट
उंबऱ्यावरच्या चपला
बाहेर तोंड करून

माणूस कुठेच नाही. पूर्ण क्रियापदही नाही. ‘लोटलेलं’ नुसती अवस्था सांगतं, आणि ‘करून’ पुढच्या क्रियापदाची वाट बघत राहतं. करून काय? वाक्य मध्येच सोडलंय, घरही तसंच सोडलेलं दिसतंय. ‘अजून’मुळे कळतं की जे घडलं ते आत्ताच. ‘नुसतं’ म्हणजे कडी नाही : लगेच परतायचं होतं, की कडी लावायचं भानच नव्हतं? आणि चपला बाहेर तोंड करून आहेत खऱ्या, पण आहेत! जाणारं माणूस अनवाणी गेलं, किंवा गेलंच नाही. गाठ इथे आहे. ती सोडवायची घाई नको. दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

प्रतिमेची ताकद तपासायची तर शब्द बदलून बघा. ‘कोमट’च्या जागी ‘गरम’ घातलं तर वेळ सरकते, ‘विझलेली’ घातलं तर आशाच संपते. ‘येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे’ (म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते) एवढं लिहून थांबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. चपलांना ‘तोंड’ दिल्याने त्या कुणाची तरी वाट बघताहेत असं वाटू लागतं, हे लिहिलं तर अलंकार ओळखल्याचा काही उपयोग.

वृत्तबद्ध कविता असेल तर लघू-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं, मांडा. जोडाक्षराचा आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, आधीच्या अक्षरावर आला तर ते गुरू होतं : ‘सत्य’मधला ‘स’ गुरू, पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघूच, कारण तिथे आघात नाही. गणती चुकते ती बहुतेक वेळा इथेच. भुजंगप्रयात या वृत्तात एका चरणात 12 अक्षरं, लघू-गुरू-गुरू असं चार वेळा. मोठ्या अभंगात चार चरणांत 6-6-6-4 अक्षरं, आणि शेवटचा तोकडा चरण कानाला लगेच जाणवतो. पण नुसती गणती कोरडीच. त्या तोकड्या जागी कवीने कोणता शब्द बसवलाय, ते बघा. मुक्तछंदात हेच काम ओळ कुठे तोडली यावरून होतं.

लिहिताना एकच विधान धरा आणि त्याला कवितेतले तीन पुरावे द्या, प्रत्येक वेळी नेमका शब्द अवतरणात. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द खोडा. खोडल्यावर परिच्छेदच उरला नाही, तर तिथे मुळात काही लिहिलेलं नव्हतं. कवीचं चरित्र पहिला खर्डा झाल्यावर वाचा, नाहीतर प्रत्येक ओळीत त्याचं आयुष्यच दिसायला लागतं.

खर्डा झाला की कविता पुन्हा मोठ्याने वाचा. सुरुवातीला जीभ जिथे अडखळली होती, त्या जागेबद्दल तुमच्या लिखाणात एकही ओळ नसेल, तर राहिलेला परिच्छेद तोच.