एकाच हॉलमध्ये गाणं आणि सिनेमा : काम कुठवर आलंय

पुढचे दोन स्पीकर, मधला सेंटर (संवादांचा) आणि सबवूफर (अगदी खालच्या आवाजाचा) आपापल्या जागी बसलेत. सराउंडच्या, म्हणजे बाजूच्या-मागच्या स्पीकरच्या, वायरी केसिंगपट्टीतून ओढून झाल्यात, स्पीकर टांगायचे बाकी आहेत. म्हणजे गाण्याची बाजू पूर्ण आणि सिनेमा सध्या 3.1 वर, म्हणजे तीन स्पीकर आणि एक सबवूफर.

घर पुण्यातला साधा फ्लॅट. हॉल 17 फूट लांब, 11 फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर. वडील आणि मी शास्त्रीय गाणं ऐकणारे, बायको आणि मुलगी सिनेमावाल्या. थिएटरसाठी वेगळी खोली काढता येत नाही आणि पुढच्या 11 फुटी भिंतीला दोन सिस्टिमचे चार स्पीकर मावत नाहीत. त्यामुळे पुढची जोडी एकच आणि तीच दोन्हीकडे वापरायची, हे नक्की होतं. सुरुवातीपासून मी एकच क्रम धरून चाललोय : आधी दोन स्पीकरवर गाणं नीट वाजलं पाहिजे, सिनेमा त्याच्याभोवती उभा करायचा. सिनेमाला चांगले स्टिरिओ स्पीकर आनंदाने चालतात. पाच-सात लहान सॅटेलाइटचा संच मात्र ख्यालाला पुरा पडत नाही. बजेटचा निम्म्याहून जास्त भाग म्हणूनच पुढच्या जोडीवर आणि तिच्या अ‍ॅम्पवर गेला.

जोडणी अशी आहे. टीव्हीचा आवाज ईआर्कने (एचडीएमआय केबलमधूनच आवाज बाहेर देणारी सोय) एव्हीआरमध्ये, म्हणजे सिनेमाचे सगळे चॅनेल सांभाळणाऱ्या रिसीव्हरमध्ये येतो. एव्हीआरच्या फ्रंट लेफ्ट-राइट प्री-आउटमधून (पॉवर अ‍ॅम्पआधीचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) दोन आरसीए केबल, व्हॉल्यूम आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेल्या स्टिरिओ इंटिग्रेटेड अ‍ॅम्पच्या होम थिएटर बायपास इनपुटला जातात आणि पुढचे दोन स्पीकर कायम इंटिग्रेटेडलाच लागलेले असतात. सेंटर आणि सराउंड एव्हीआर चालवणार. बायपास इनपुटला इंटिग्रेटेडचा व्हॉल्यूम लागू होत नाही, आलेला सिग्नल ठरावीक गेनने थेट पुढे जातो. त्यामुळे सिनेमाच्या वेळी आवाज फक्त एव्हीआरच्या रिमोटवर असतो आणि कॅलिब्रेशनच्या वेळी जुळवलेली पातळी ढळत नाही. गाणं लावायचं तेव्हा एव्हीआर बंद. डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा) आणि सीडी प्लेअर थेट इंटिग्रेटेडला. दोन्ही वाटा फक्त शेवटच्या पॉवर अ‍ॅम्पमध्ये येऊन मिळतात, त्याआधी एकमेकींना शिवतही नाहीत. या रचनेवर मी मनापासून खूश आहे.

हे करायचं असेल तर खरेदीआधी एव्हीआरची मागची बाजू नीट पाहा. स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा फक्त सबवूफरचं प्री-आउट असतं, फ्रंटचं नसतं. इंटिग्रेटेडला बायपास नसेल तर साधं ऑक्स इनपुट वापरून व्हॉल्यूमची एक खूण ठरवावी लागते आणि दर वेळी काटा तिथेच आणावा लागतो. चालतं, पण घरात चार जण रिमोट हाताळत असतील तर खूण टिकत नाही. आणखी एक काळजी : बायपासला डॅक किंवा सीडी प्लेअर कधीही लावू नका. तिथे व्हॉल्यूमच नाही, त्यामुळे सिग्नल पूर्ण ताकदीने स्पीकरवर येतो आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो. मी त्या सॉकेटवर लाल टेप चिकटवून ठेवलीय.

आता खोली. माझ्या मते सगळ्या कामातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर धरला आणि खोलीच्या मीटरमधल्या मापाच्या दुपटीने भागला की त्या दिशेची पहिली अनुनादाची वारंवारता, म्हणजे ज्या आवाजाला खोली स्वतःच घुमते ती, मिळते. आमच्या 17 फुटांना ती 33 हर्ट्झ येते, 11 फुटांना 51, छताला 59. लांबीची दुसरी 66. हा 66 चा आकडा पाहिला आणि मी थांबलो. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर त्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. आमच्या हॉलची लांबी नेमकी खर्जाच्या शेजारी बोलते! तंबोऱ्यात मूळ स्वर तसा दुबळाच असतो, जवारीमुळे खरी ताकद वरच्या स्वरांशांत असते. तरीही खर्ज एका जागी बसून घुमला आणि दुसऱ्या जागी गायब झाला तर षड्जाचा पायाच हलल्यासारखं वाटतं. डग्ग्याचंही तेच. मनगट दाबून मींड घेतली की एखादा स्वर उसळी मारतो आणि पुढचा दबतो.

लांबीच्या दुसऱ्या अनुनादात पुढच्या भिंतीपासून एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश अंतरावर दाब जवळपास शून्य होतो. आमच्याकडे तीन चतुर्थांश म्हणजे पावणेतेरा फूट, आणि सोफा आधीपासून तिथेच होता. तो साडेदहा फुटांवर आणला, म्हणजे मागच्या भिंतीपासून साडेसहा फूट पुढे. हॉलच्या मधोमध सोफा घरच्यांना रुचेल का, ही शंका होती. पण सोफ्याच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट आणि वाचायची खुर्ची बसली आणि ती जागा आता मुलीने बळकावलीय. वडील त्या संध्याकाळी डोळे मिटून एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकत बसले होते. म्हणाले, "खर्ज आता जागेवर आहे रे." मी त्यांना मोजणीचा आलेख दाखवलेला नव्हता.

स्पीकर पुढच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे, एकमेकांपासून आठ फूट लांब. बसण्याच्या जागेवरून प्रत्येक स्पीकर मध्यरेषेशी साधारण 27 अंशांचा कोन करतो. गाण्यासाठी 30 अंश उत्तम मानतात आणि डॉल्बी पुढच्या स्पीकरसाठी 22 ते 30 सांगते, त्यामुळे दोन्हीकडे भागलं. भिंतीपासूनचे अडीच फूट वाया गेले असं समजू नका. स्पीकरमागच्या या भिंतीवरून परतलेला आवाज पुढच्या आवाजाला एका वारंवारतेवर खातो, अडीच फुटांना ती 110 हर्ट्झच्या जरा वर येते. स्पीकर भिंतीला आणखी जवळ सरकवला तर हा खड्डा वर, गळ्याच्या ऐन पट्ट्यात सरकतो. शिवाय स्पीकर टीव्हीच्या काचेच्या बरेच पुढे आले की गायकाची जागा नेमकी होते. गाणं ऐकताना मी टीव्हीवर आजीची जाड गोधडी टाकतो. काचेवरून उसळणारा वरचा आवाज तिने जिरतो आणि झांज, टाळ यांचा कर्कशपणा उतरतो. करून बघा, खर्च काहीच नाही.

जागा तपासायला मी बालगंधर्वांच्या 78 आरपीएमच्या मोनो ध्वनिमुद्रणांचा वापर करतो. दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच सिग्नल येत असल्यामुळे आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो डावीकडे झुकला किंवा पसरट झाला तर कुठेतरी अंतर, कोन किंवा बाजूच्या भिंतीचं परावर्तन असमान आहे. आमच्याकडे उजवीकडे भिंत आणि डावीकडे बाल्कनीचं काचेचं दार. आवाज काचेकडे ओढला जायचा. भिंतीवर आरसा सरकवत नेला आणि सोफ्यावरून जिथे त्यात स्पीकर दिसला तिथे पॅनेल लावलं, दाराला जाड दुपदरी पडदा. आता आवाज मधोमध आहे.

पॅनेल घरीच केली. टिंबर मार्केटमधून पाइनच्या पट्ट्या, 48 घनतेच्या (घनमीटरला 48 किलो) रॉकवूलच्या चार फूट बाय दोन फुटांच्या लाद्या, कोपऱ्यांसाठी दोन-दोन लाद्या एकावर एक करून चार इंच जाडी. वरून मांजरपाट. कापड कुठलंही चालतं, फक्त तोंडाला लावून फुंकर मारली तर ती आरपार गेली पाहिजे. रेक्झिन किंवा जाड सोफ्याचं कापड लावलं तर वरचा आवाज आत शिरतच नाही, बाहेरच्या बाहेर परततो. रॉकवूल कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, तंतू अंगाला भयंकर खाजतात. चारही पॅनेलना मागे दोन इंचांची पोकळी सोडलीय, त्यामुळे ती आणखी खालपर्यंत काम करतात.

मोजायला यूमिक-1 माइक आणि फुकट मिळणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर. पॅनेल लावण्याआधी 66 च्या आसपास उंच डोंगर आणि लांब शेपटी (आवाज थांबल्यावरही रेंगाळणारं घुमणं) होती. पॅनेलनंतर शेपटी बरीच आखडली, डोंगर थोडा उरला. इतक्या खालच्या बेसला चार इंच रॉकवूल पुरत नाही, हे मान्य करून पुढे जावं लागतं. उरलेल्या डोंगरासाठी गाण्याच्या वाटेवर एकच फिल्टर घातलाय. माझा स्ट्रीमर म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर मूड ऑडिओ सॉफ्टवेअर. त्यात कॅमिलाडीएसपी हे फिल्टर लावायचं साधन आहे, तिथे 66 हर्ट्झला 5 डेसिबलची कपात, क्यू 6, म्हणजे अरुंद पट्ट्यापुरतीच. बाकी सगळं अस्पर्श. खड्डे भरायला बूस्ट कधी देऊ नये या मताचा मी आहे. अनुनादाचा खड्डा कितीही ताकद ओतली तरी भरत नाही, अ‍ॅम्प आणि वूफर मात्र दमतात. सीडी प्लेअर या फिल्टरमधून जात नाही, म्हणून सगळ्या सीडी रिप करून ठेवायला घेतल्यात.

सबवूफर दोन्हीकडे काम करतो आणि यातही दोन वेगळ्या वाटा ठेवल्यात. त्याला दोन इनपुट आहेत, दोघांची पातळी वेगवेगळी लावता येते. एव्हीआरचं सब-आउट एलएफई इनपुटला, आणि इंटिग्रेटेडच्या स्पीकर टर्मिनलवरून वायर हाय-लेव्हल इनपुटला. गाण्याच्या वेळी पुढचे स्पीकर पूर्ण पट्टा वाजवतात आणि सब फक्त 45 हर्ट्झच्या खाली हात देतो. इतका हळू, की तो बंद केल्यावरच तो चालू होता हे कळावं. सिनेमाच्या वेळी एव्हीआरमध्ये फ्रंट 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर 80. त्याखालचं सगळं आणि एलएफई सबकडे जातं. हाय-लेव्हलला तेव्हा खालचं फारसं काही पोचतच नाही, त्यामुळे बेस दुप्पट होत नाही. क्रॉसओव्हर आणि एलएफई यांत अनेकांचा गोंधळ होतो. एलएफई हा सिनेमाच्या मिक्समधला स्वतंत्र चॅनेल आहे, साधारण 120 हर्ट्झपर्यंतचा. म्हणून एव्हीआरमधलं 'एलपीएफ फॉर एलएफई' 120 वरच ठेवावं, 80 वर आणू नये.

सबखाली रबर आणि फोमचा जाड पाट आहे. खालच्या मजल्यावर काकू राहतात आणि स्लॅबमधून जाणारी धडधड त्यांच्या देवघरात पोचायला नको. त्यांच्याकडे जाऊन, इकडे सब चालू ठेवून, ऐकून आलो. आता भांडी थरथरत नाहीत.

हमचा त्रास मात्र चिवट निघाला. एव्हीआर आणि इंटिग्रेटेड जोडले की स्पीकरमधून 50 हर्ट्झची बारीक गुणगुण, एव्हीआर बंद असतानाही. असं झालं की एकेक केबल काढत जायचं. प्री-आउटच्या केबल काढल्यावर शांत, पण सेट-टॉप बॉक्सची गच्चीवरून येणारी कोअॅक्सियल काढली तरी तितकंच शांत! म्हणजे ती केबल गच्चीवर एका अर्थला आणि आमची सिस्टिम घरच्या अर्थला, त्यातून लूप. कोअॅक्सियलला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थची जोडणी तोडणारा) लावला आणि सगळी उपकरणं एकाच 16 अँपिअरच्या पॉइंटवरच्या एका बोर्डवर घेतली. गुणगुण गेली. दुकानात कुणी प्लगची अर्थ पिन काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. हम जातो, पण बिघाड झाला की धातूच्या पेटीत करंट उतरतो. अर्थ कायम ठेवूनच लूप तोडायचा.

सिनेमाच्या बाजूचं थोडक्यात. सेंटर पुढच्या जोडीच्याच मालिकेतला घेतला, कारण संवाद डावीकडून मध्ये येताना आवाजाची जात बदलली की लगेच खटकतं. तो टीव्हीखाली असल्यामुळे पुढून लाकडी पाचर देऊन कानांच्या दिशेने वर केलाय. ऑडिसी (एव्हीआरमधली माइकने आवाज जुळवायची सोय) कॅलिब्रेशन सध्या तीन चॅनेलपुरतं करून ठेवलंय. घरच्यांचा अभिप्राय असा, की आता संवादासाठी आवाज वाढवावा आणि मारामारीला कमी करावा लागत नाही.

आता सराउंड. ते समोरच्या मध्यरेषेपासून 110 अंशांवर, म्हणजे सोफ्याच्या दोन फूट मागे, कानांच्या जरा वर यायला हवेत. उजवीकडे भिंत आहे, ब्रॅकेट ठोकला की झालं. डावीकडे नेमकं बाल्कनीचं दार येतं, तिथे छतातून पाइप सोडून स्पीकर टांगायचा विचार आहे. त्याचा ब्रॅकेट लोहाराकडे सांगितलाय. मापं देताना दार पूर्ण उघडलं तरी धडकू नये, याची जागा सोडलीय. ते लागले की पाचही चॅनेलचं कॅलिब्रेशन पुन्हा करेन आणि मग दुसऱ्या सबचा विचार. तो मागच्या भिंतीला, कपाटाशेजारी ठेवायचा इरादा आहे. पुढचा आणि मागचा सब एकाच फेजमध्ये (दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे-मागे) चालले तर लांबीचा पहिला, 33 चा अनुनाद बराच दबायला हवा. 66 वर त्याचा उपयोग होणार नाही, तिथे फिल्टरच.