मोजणीत न आलेली माणसं

युद्धात किती सामान्य माणसं मेली याचा आकडा येतो कुठून, हा प्रश्न मला इतकी वर्षं कधी पडलाच नव्हता आणि आता त्याची लाज वाटते. टीव्हीवर खाली पट्टी सरकते, आज इतके ठार, आपण चुकचुकतो आणि चॅनल बदलतो. गेले काही आठवडे रोज रात्री याबद्दलच वाचतेय, झोप उडालीय खरं सांगायचं तर, म्हणून हे लिहून काढतेय.

सीरियाचं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या जूनमध्ये जाहीर केलं की मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत तिथे ३,०६,८८७ नागरिक मारले गेले, म्हणजे दिवसाला सरासरी ८३. शेवटचा तो ८८७ बघून वाटतं की कुणीतरी एकेक जण मोजलाय. पण पूर्ण नाव, तारीख आणि ठिकाण अशी निदान एवढी माहिती मिळालेले मृत्यू होते १,४३,३५०. बाकीचे, अर्ध्याहून जास्त, हिशेब करून काढलेले. वेगवेगळ्या संस्थांनी आपापल्या याद्या केलेल्या असतात, त्या एकमेकींशी ताडून बघतात, तीच तीच नावं सगळीकडे असतील तर मोजणी बऱ्यापैकी पूर्ण झाली असं समजायचं, आणि सारखी नावं कमी निघाली तर कुठल्याच यादीत न आलेले अजून खूप आहेत, आणि ते किती असतील हे त्यावरून काढता येतं. मला हे नीट समजायला दोन दिवस लागले.

पेरूमध्ये हीच पद्धत वापरली होती. तिथे १९८० ते २००० सरकार आणि बंडखोर गटांमध्ये जो संघर्ष झाला त्याबद्दल सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये रिपोर्ट दिला, त्यात अंदाज होता ६९,२८० मृत्यूंचा. नावानिशी नोंद जेमतेम २४ हजारांची. त्याआधी देशात जे आकडे बोलले जायचे ते याच्या निम्म्याच्या आसपास. दर चार बळींपैकी तीन जणांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी आदिवासी भाषा होती, म्हणजे डोंगरातली गरीब माणसं, आणि ती हजारोंनी मेली तरी राजधानीपर्यंत त्याची खबर पोचली नाही. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून बसले होते बराच वेळ.

आणि ही सगळी गोळीने, बॉम्बने मेलेल्यांचीच गोष्ट झाली. सीरियाच्या आकड्यात तर स्पष्टच म्हटलंय की दवाखाना, अन्न, पाणी न मिळाल्याने जे गेले ते यात धरलेले नाहीत. ते किती असू शकतात याचा अंदाज येमेनवरून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनडीपीच्या हिशेबाने २०२१ अखेरपर्यंत तिथल्या युद्धाने ३,७७,००० जीव घेतले, आणि त्यातले जवळपास ६० टक्के थेट हल्ल्यात गेलेलेच नाहीत, त्यात सगळ्यात जास्त पाच वर्षांच्या आतली पोरं.

हे होतं कसं? डिझेल मिळत नाही म्हणून पाण्याचा पंप बंद पडतो, मग मिळेल त्या विहिरीचं पाणी घरात येतं, कचरा उचलणाऱ्यांचे आणि नर्सबाईंचे पगार महिनोन्‌महिने थकलेले, बाळाला जुलाब सुरू होतात, जवळचा दवाखाना पडलाय, लांबच्या दवाखान्याच्या रस्त्यावर चेकपोस्ट. मीठ-साखरेच्या पाण्याने जे मूल बरं झालं असतं ते दोन दिवसांत जातं. त्याच्या अंगावर साधा ओरखडा नसतो. घरचे सांगणार जुलाबाने गेलं, कागदावर तेच लिहिलं जाणार, लिहिलं गेलंच तर. माझ्या मते त्या बाळाला युद्धानेच मारलंय आणि ते तसंच मोजलं गेलं पाहिजे.

आकडे फुगवतात असं म्हणणारेही भेटतात, आणि तसं होतंही कधीकधी. बोस्नियाच्या युद्धात दोन लाख मेले असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, मग साराजेव्होतल्या एका संस्थेने नाव-नाव गोळा केलं आणि २००७ मध्ये ते साधारण ९७ हजारांवर आलं, सैनिक आणि नागरिक धरून. काही लोक चिडले की तुम्ही आमचं दुःख कमी करताय. मला मात्र वाटतं त्या संस्थेने मेलेल्यांवर उपकार केले, कारण त्या यादीतल्या माणसाला नाव आहे, त्याला खोटं ठरवणं अवघड आहे.

त्याच बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. जुलै १९९५ मध्ये तिथे ८ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले आणि सामूहिक खड्ड्यांत पुरले, मग पुरावा लपवायला काही महिन्यांनी बुलडोझरने ते खड्डे उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन टाकली. त्यात शरीरं तुटली. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली, डीएनए जुळवून जुळवून जवळपास ७ हजार जणांची ओळख पटली. म्हणजे घरच्यांना एकदा कळवतात की मांडीचं हाड मिळालंय, मग काही वर्षांनी पुन्हा कळवतात की अजून थोडं सापडलंय. आणि प्रत्येक वेळी आईला किंवा बायकोला ठरवायचं असतं, मिळालंय तेवढं आत्ता पुरायचं की बाकीचं सापडेपर्यंत थांबायचं. दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या कब्रस्तानात त्या वर्षी ओळख पटलेल्यांना एकत्र दफन करतात. काही जणी थांबल्या. काही जणी थांबता थांबता स्वतःच गेल्या.